सावडीने शिकायचा संगणक : गावातल्या प्रौढांसाठी वर्गाची आखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयाला देणगीतून ८ संगणक मिळाले आहेत. ३५ ते ७० वयाच्या १८ जणांनी नावे नोंदवली असून त्यांत बचत गटातील महिला अधिक आहेत. या सर्वांना एकमेकांच्या साहाय्याने शिकता येईल असा अभ्यासक्रम कसा आखावा, हे तुम्हाला हवे आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी १४ वर्षे असे वर्ग घेत आले आहे, त्यामुळे जे करून पाहिले आणि टिकले तेवढेच सांगते.

सर्वांत आधी एक गोष्ट ठरवून घ्या, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे राहते. वर्ग संपल्यावर गावात काय उरायला हवे? १८ प्रमाणपत्रे उरावीत असे उत्तर असेल, तर एकेकाला वेगळे बसवून शिकवणे सोपे पडेल. मला मात्र असे वाटते की, कोणते काम कोणाला येते हे परस्परांना ठाऊक असलेली आणि एकमेकांचे दार वाजवायला न संकोचणारी १८ माणसे गावात उरायला हवीत. संकेतस्थळांची रूपे सहा महिन्यांत बदलतात, बटणे इकडची तिकडे जातात, आणि पाठ केलेल्या पायऱ्या निरुपयोगी होतात. ‘हे बदललंय, चल, दोघी मिळून बघू’ असे म्हणणारी शेजारीण मात्र निरुपयोगी होत नाही. आपल्याकडे शेतीत सावड आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, आणि कोणी कोणाचा गडी नाही. वर्गाची आखणी करताना मी स्वतःला सतत हाच प्रश्न विचारते की, या तासाला प्रत्येकाने कोणाला तरी काही दिले का आणि कोणाकडून तरी काही घेतले का. ज्या तासाला काही जण नुसते घेत राहतात आणि काही नुसते देत राहतात, तो तास चुकीचा आखला गेला असे समजावे.

सातारा जिल्ह्याला या विचाराची जुनी ओळख आहे. १९५९ मध्ये येथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर नेली गेली. तिच्यात एकटा शिकणारा हा मोजणीचा घटक नव्हता, तर गाव हा होता. वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला शिकवायचे आणि अख्खे गाव साक्षर झाले की त्याचा गौरव करायचा. पाटीच्या जागी पडदा आला, तरी प्रौढ माणसाला शिकण्यासाठी लागणारी ती सोबत बदललेली नाही.

तयार अभ्यासक्रम उचलून वापरण्याचा मोह होईल, म्हणून त्याविषयी दोन शब्द. २००१ नंतर एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने महाराष्ट्रात संगणक गावोगावी पोहोचवला आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणांना त्याचा मोठा उपयोग झाला. परंतु त्याची रचना परीक्षेच्या दिशेने आहे आणि ५८ वर्षांच्या गृहिणीला परीक्षा द्यायची नसते. २०१७ मध्ये सुरू झालेले प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २० तासांचे होते, वयोमर्यादा १४ ते ६० अशी होती आणि एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला प्रवेश होता. देशभर पोहोचायचे तर अशा अटी घालाव्या लागतात हे मी समजू शकते. पण माझ्या पाहण्यातील घरांत त्या एका जागेवर बहुधा कॉलेजात जाणारा मुलगा गेला, आणि साठी ओलांडलेली आजी तर दारातच अडली. तुमच्याकडे नाव नोंदवणारी माणसे नेमकी तीच आहेत, जी या दोन्ही चौकटींच्या बाहेर राहिली.

माझा पहिला वर्ग मी पुस्तकाच्या क्रमाने घेतला होता. संगणकाचे भाग, मग पेंट, मग नोटपॅड, मग वर्ड. १९ जण आले होते. चौथ्या आठवड्यात ७ उरले. न येणाऱ्यांपैकी एका काकूंना मी बाजारात भेटून कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरी, घर नि झाड काढायला मी शाळेत शिकले होते. मला लाइट बिल बघायचं होतं.” त्या दिवसापासून माझा अभ्यासक्रम नाव नोंदवताना विचारलेल्या एकाच प्रश्नातून तयार होतो : गेल्या सहा महिन्यांत कोणत्या कामासाठी तुम्हाला दुसऱ्याच्या हातापाया पडावे लागले, किंवा सेवा केंद्रात पैसे मोजावे लागले? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. सातबारा, ई-पीक पाहणी, वीजबिल, पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, आधारची प्रत, लाडक्या बहिणीचे केवायसी, परदेशी गेलेल्या मुलाशी पडद्यावर बोलणे, आणि गटाचा हिशोब. ही कामे कागदावर लिहून भिंतीला लावा आणि प्रत्येकाला आपल्या तीन कामांपुढे खूण करायला सांगा. खुणा जिथे दाटतील तो तुमचा पहिला धडा. माउस, फाइल, फोल्डर, जतन करणे या साऱ्या गोष्टी त्या कामाच्या ओघात येतात आणि आल्या म्हणूनच लक्षात राहतात.

आता बैठक. एका संगणकावर दोघे बसवा. तिघे बसले की तिसरा माणूस पाहुणा होतो. तुमच्याकडे १८ जण आणि ८ संगणक आहेत, म्हणजे दोघे उरतात. त्यांना मोठ्या पडद्याच्या फोनवर तेच काम द्या आणि दर तासाला ती जोडी बदला. फोनवर काम करणे कमी प्रतीचे आहे असे मुळीच दाखवू नका, कारण यांच्यापैकी बहुतेकांचा पुढचा संगणक तोच असणार आहे.

दोघांपैकी एक चालक आणि दुसरा वाटाड्या. माउस आणि कळफलक फक्त चालकाच्या हाती. वाटाड्याने फक्त बोलायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. दर १५ मिनिटांनी घंटा वाजते आणि जागा बदलतात. आमच्याकडे त्यासाठी शाळेतली जुनी पितळी घंटा आहे. याला जोडून एक नियम आहे, जो मी कधीही मोडू देत नाही : ज्याला एखादी गोष्ट येत असेल, त्याने ती सांगायची, ज्याला येत नसेल, त्याने ती करायची. म्हणजे नवे काम सुरू होताना चालकाच्या जागी नेहमी कमी येणारा बसतो. याच्या उलट झाले, तर येणारा भराभर करून टाकतो, शेजारचा मान डोलावतो, दोघांनाही शिकणे झाले असे वाटते आणि घरी गेल्यावर एकाला काहीच येत नाही. सांगणाऱ्याचाही यात मोठा लाभ होतो, कारण बोटांना आलेली गोष्ट शब्दांत सांगताना त्याला ती नव्याने समजते. ‘ते तिथं दाब’ एवढ्याने भागत नाही. ‘वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, त्यांवर एकदा’ असे सांगावे लागते, आणि असे सांगता येऊ लागले की ती व्यक्ती फोनवरूनही दुसऱ्याला मदत करू शकते.

मदतीला महाविद्यालयीन मुले-मुली येतील. मनाने ती चांगली असतात, पण त्यांचा हात आपोआप माउसवर जातो. मी त्यांना पहिल्याच दिवशी एक वही आणि पेन देते. दोन्ही हात त्यात गुंतलेले राहतात. कोण कुठे अडले हे त्यांनी वहीत लिहायचे, आणि अडलेल्याला उत्तर द्यायच्या आधी ‘शेजारच्या जोडीला विचारलंत का?’ असे विचारायचे. शेजारच्या जोडीलाही येत नसेल तरच पुढे व्हायचे. सुरुवातीला हे कठोर वाटते, काही जण रागावतातही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र खुर्च्या आपोआप मागे सरकून दोन-दोन जोड्या एका पडद्यापुढे जमलेल्या दिसू लागतात.

जोड्या कशा लावायच्या यावर मी जितका विचार करते तितका इतर कशावरही करत नाही. नवरा-बायकोला एका संगणकावर बसवू नका, आणि सासू-सुनेलाही नाही. घरातील नाते खुर्चीवर येऊन बसते आणि चूक करायची मोकळीक संपते. एकाच आळीतल्या, रोज सोबत येणाऱ्या दोन मैत्रिणींनाही मी पहिल्या महिन्यात वेगळे करते, कारण त्यांची सावड आधीच आहे. मला नवी बांधायची असते. जोड्या गावात लोक ज्या रेषांनी बसतात त्या रेषांवर लागू देऊ नका, आणि ते भाषण न करता चिठ्ठ्या टाकून करा. एकाला यंत्र कळते आणि दुसऱ्याला काम कळते, ही सर्वांत उत्तम जोडी.

याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ६३ वर्षांचे एक शेतकरी मामा, चौथीपर्यंत शिकलेले, आणि रोज मोबाईलवर माहिती भरणारी एक आशाताई एका जोडीत होत्या. काम सातबारा पाहण्याचे होते. जिल्हा, तालुका निवडून झाल्यावर गावांच्या यादीत एकाच नावाची दोन गावे आली, एक खुर्द आणि एक बुद्रुक. ताई खुर्द निवडायला सांगत होत्या, मामा म्हणाले, “थांब, शीव ओलांडली की बुद्रुक लागतं. माझी पट्टी तिकडं आहे.” गट नंबर त्यांना तोंडपाठ होता. उतारा उघडला, तेव्हा ताईंनी तो वाचून दाखवला आणि मामांनी समजावून सांगितला : वरचा नमुना ७ म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, खालचा १२ म्हणजे त्यात काय पेरले. आणि मग मामा गप्प झाले, कारण सात वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचेच नाव अजून तिथे होते. वारसनोंद झालेलीच नव्हती. पुढच्या तासाला वर्गातल्या आणखी पाच जणांनी आपापले उतारे त्याच नजरेने तपासले. नुसता पाहायचा उतारा विनामूल्य दिसतो पण सरकारी कामाला चालत नाही, आणि डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपये भरून मिळतो, हा फरकही त्याच दिवशी सर्वांच्या लक्षात आला. संकेतस्थळ कसे वापरावे यावर मी तासभर बोलले असते, तरी एवढे झाले नसते.

दिल्लीच्या कालकाजीत १९९९ मध्ये डॉ. सुगाता मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला आणि मुले आपली आपण शिकली, हे उदाहरण तुमच्या समितीतले कोणीतरी नक्की देईल. ते मुलांचे आहे हे विसरू नये. मुलाला यंत्र बिघडण्याची भीती नसते आणि चार लोकांत चुकण्याची लाज नसते. पन्नाशीच्या माणसाला दोन्ही असतात, शिवाय त्याची गावात एक जागा असते आणि ती त्याला सांभाळायची असते. म्हणून प्रौढांना नुसते मोकळे सोडून चालत नाही. चुकण्याची जागा आपण आखून द्यावी लागते. पहिल्या दिवशी मी एक संगणक मुद्दाम प्रत्येकाकडून ‘बिघडवून’ घेते. कोणी खिडकी छोटी करून हरवायची, कोणी पडद्यावरची अक्षरे आडवी-तिडवी मोठी करायची, कोणी आवाज बंद करायचा. मग शेजारच्या जोडीने ते पूर्ववत करायचे. दीड तासाच्या शेवटी यंत्र धडधाकट असते, आणि ते सर्वांनी पाहिलेले असते.

हात आणि डोळे यांच्याविषयी कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे लिहिलेले नसते, म्हणून जरा थांबून सांगते. दोनदा टिचकी मारताना वयस्कर माणसाचा माउस दोन टिचक्यांच्या मध्ये किंचित हलतो आणि काहीच उघडत नाही. त्याला वाटते, आपल्याला जमत नाही. सेटिंगमध्ये जाऊन दुहेरी टिचकीचा वेग कमी करा, किंवा एकदा टिचकी मारून एंटर दाबायला शिकवा. दहा मिनिटांत प्रश्न मिटतो. माउस टेबलाच्या कडेला पोहोचला की बहुतेक जण अडकतात, कारण तो उचलून पुन्हा मध्ये ठेवता येतो हे कोणी सांगितलेलेच नसते. एका आजींना मी ‘लाटणं उचलून पोळीच्या मध्ये ठेवता तसं’ असे सांगितले, आणि त्यांनी ते पुढे तिघींना शिकवले. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेली माणसे पडदा वाचण्यासाठी मान मागे टाकतात आणि अर्ध्या तासात दुखते म्हणून उठतात. पडदा खाली घ्या, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवू नका. बाण मोठा आणि काळा करा. कंट्रोल दाबून अधिकचे चिन्ह दाबले की अक्षरे मोठी होतात, ही गोष्ट पहिल्या दिवसाचीच आहे.

मराठी टंकलेखनाचा प्रश्न तुम्हाला येणारच. माझ्या अनुभवात दोन गट पडतात. ज्यांनी व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय केली आहे, त्यांना रोमन अक्षरे दाबली की उच्चाराप्रमाणे देवनागरी उमटवणारा, उच्चारानुसारी कळफलक सोपा जातो. विंडोज १० मध्ये तो २०१९ पासून आतच आहे. ज्यांचा इंग्रजी अक्षरांशी संबंध कधी आलाच नाही, अशा महिलांना मात्र इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कळफलकच शिकवा. त्याची मांडणी बाराखडी येणाऱ्याला पटते : स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे, क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ख, ग जिथे तिथेच घ, प जिथे तिथेच फ. कळांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावा. एका जोडीत दोन पद्धती ठेवू नका, कारण वाटाड्याला वाटच दाखवता येत नाही. बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून मराठीत आहे आणि ती सर्वांना आवडते, पण ती मी सहाव्या आठवड्यापर्यंत दाखवत नाही. आधी दाखवली तर कळांकडे कोणी वळत नाही, आणि बोललेले चुकले की ते दुरुस्त करता येत नाही.

सुमारे पाचव्या आठवड्यापासून सर्वांचे मिळून एक काम हवे, जे एका जोडीच्याने होणार नाही. आम्ही दोन प्रकारची कामे घेतली. एक होते वाचनालयाच्या दाखल नोंदवहीतील पुस्तके संगणकावरच्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) भरण्याचे. प्रत्येक जोडीला ५० नोंदी दिल्या. सर्व याद्या एकत्र करून लेखकांच्या नावाने क्रम लावला, तेव्हा एकच लेखक चार ठिकाणी आला, कारण कोणी आडनाव आधी लिहिले होते, कोणी नाव, कोणी आद्याक्षरांनंतर जागा सोडली होती, कोणी नव्हती. त्यावर वर्गात पाऊण तास खडाजंगी झाली आणि शेवटी सर्वांनी एक नियम ठरवून फळ्यावर लिहिला. माहिती भरताना एकवाक्यता का लागते, हे त्यानंतर मला कधीही सांगावे लागले नाही.

दुसरे काम बचत गटाच्या हिशोबाचे, आणि तुमच्या वर्गासाठी मी तेच सुचवेन. काल्पनिक गट घ्या, नावे खोटी ठेवा, पण व्यवहार खरा ठेवा. आमच्या तक्त्यात एका सभासदाने १०,००० रुपये कर्ज घेतले होते, दरमहा शेकडा दोन व्याज, दरमहा १,००० रुपये मुद्दल परत. पहिल्या महिन्याचे व्याज २०० आले, ते बरोबर होते. सूत्र खाली ओढल्यावर दुसऱ्या महिन्यातही २०० आले, तिसऱ्यातही २००. जोडी खूश होती, मदतनीस मुलगाही ‘छान’ म्हणून पुढे गेला. मागच्या रांगेत बसलेल्या, सही करण्यापुरतेच लिहिणाऱ्या एका गटाध्यक्ष ताई तिथूनच म्हणाल्या, “मुद्दल उतरलं तर व्याज का उतरत नाही? दुसऱ्या महिन्याला एकशेऐंशी पाहिजे.” सगळा वर्ग त्या पडद्याभोवती गोळा झाला. सूत्र उरलेल्या मुद्दलाच्या रकान्याला न जोडता मूळ कर्जाच्या घराला, म्हणजे तक्त्यातल्या त्या चौकटीला, जोडले गेले होते आणि ‘$’ या खुणेने तिथेच पक्के बांधले गेले होते. मग त्याच ताईंनी तोंडी हिशोब मांडला : दहा महिन्यांत व्याज १,१०० व्हायला हवे, या तक्त्याने २,००० लावले असते, म्हणजे एका गरीब बाईच्या डोक्यावर ९०० रुपये फुकट बसले असते. तोपर्यंत त्या ताईंना आपण या वर्गात मागे आहोत असे वाटत होते. त्यानंतर कोणताही तक्ता पूर्ण झाला की जोड्या तो त्यांच्याकडे तपासायला नेऊ लागल्या, आणि तपासता तपासता त्या स्वतः घर, रकाना, सूत्र हे सारे वाचायला शिकल्या. अशी कामे निवडा, ज्यांत यंत्र न येणाऱ्याचे ज्ञान वापरल्यावाचून काम पुरेच होत नाही.

एकाच तक्त्यावर अनेक जोड्या इंटरनेटवरून काम करू लागल्या की ‘माझं कुणी पुसलं?’ हे भांडण पहिल्याच दिवशी होते. त्याआधीच प्रत्येक जोडीला वेगळे पान द्या, आणि जुनी आवृत्ती परत कशी आणायची हे दाखवून ठेवा. पुसलेले परत येते हे डोळ्यांनी पाहिल्यावर एकत्र काम करायची भीती निम्मी होते.

ओटीपी आणि गोपनीयता हा भाग मात्र सावडीत बसत नाही, आणि तो तसा वेगळा काढूनच शिकवावा. एकमेकांवर विसंबायला शिकवणाऱ्या वर्गात कोणावर विसंबायचे नाही हेही शिकवावे लागते, ही यातली खरी अवघड जागा आहे. आमचा रिवाज असा आहे : पिन, पासवर्ड किंवा ओटीपीची वेळ आली की चालक ‘पाठ’ असे म्हणतो आणि वाटाड्या खुर्ची फिरवून पाठमोरा बसतो. शिक्षकही फिरतो, मदतनीसही फिरतो. दोन आठवड्यांत ही सवय अंगवळणी पडते, आणि ती घरी, सेवा केंद्रात, बँकेतही जाते. सरावासाठी खोटी माहिती वापरा. आधारची पीडीएफ उतरवलीच, तर तिचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष असा असतो, म्हणजे तो ओळखायला शेजाऱ्याला काहीच कष्ट नाहीत. म्हणून ती फाइल डाउनलोडमधून आणि कचरापेटीतूनही काढून टाकणे हा त्या धड्याचाच भाग माना. सार्वजनिक संगणकावर नेहमी खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडायची आणि उठताना लॉगआउट व्हायचे.

एक अडचण तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात दिसेल. अनेक महिलांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि ओटीपी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर जातो. अशा बाईला तुम्ही कितीही शिकवले तरी तिचे काम तिच्या हाती येत नाही. म्हणून नावनोंदणीच्या वेळीच हे विचारा, आणि नंबर बदलायचा असेल त्या सर्वांना वर्ग सुरू होण्यापूर्वी एकत्र आधार केंद्रावर घेऊन जा. आम्ही ती फेरी अभ्यासक्रमाचा पहिला धडाच मानतो.

फसवणुकीविषयी व्याख्यान देऊ नका. महिन्यातून एकदा खुर्च्या गोल मांडून प्रत्येकाने आपल्या फोनवर आलेला एक संशयास्पद संदेश वाचून दाखवायचा : वीज आज रात्री तोडणार, पार्सल अडकले आहे, पोलिसांकडून व्हिडिओ कॉल. बाकीच्यांनी तो खरा की खोटा, आणि कशावरून, हे सांगायचे. आमच्याकडे तिसऱ्या बैठकीला एका निवृत्त गृहस्थांनी आपले पैसे कसे गेले हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितले. घरीसुद्धा त्यांनी सांगितले नव्हते. त्यानंतर आणखी दोघी बोलल्या. लाजेमुळे माणूस तक्रारीला उशीर करतो आणि उशिरामुळे पैसे हातचे जातात, म्हणून सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा क्रमांक आणि ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वाक्य आमच्या भिंतीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे.

वेळापत्रक गावाच्या दिनक्रमाप्रमाणे ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, दीड तास, १२ आठवडे, म्हणजे ३६ तास होतात आणि ते पुरतात. महिलांसाठी दुपारी दोन ते साडेतीन, पुरुषांची संख्या पुरेशी असेल तर त्यांच्यासाठी रात्री आठनंतर. पेरणीत आणि सोयाबीनच्या काढणीत वर्ग ठेवू नका. वीज जाईल हे धरून चाला. त्या तासाला करायचे कागदावरचे काम आधीच तयार ठेवा, उदाहरणार्थ त्या आठवड्यात शिकलेल्या कामाच्या पायऱ्या आपल्या शब्दांत ड्रॉइंग पेपरवर लिहिणे. आमची भिंत अशाच कागदांनी भरली आहे आणि छापील पुस्तिकेपेक्षा लोक तीच वाचतात. फी थोडी का होईना घ्या. आम्ही १०० रुपये घेतो, ज्यांना जड आहे त्यांची फी बचत गट भरतो.

परीक्षा घेऊ नका, पण कसोटी हवी. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने वर्गाबाहेरची एक व्यक्ती घेऊन यायची आणि तिला एक काम, हात न लावता, पूर्ण करून द्यायचे. तिथे सर्व काही दिसते : कोण धीर धरतो, कोणाचा हात माउसकडे धावतो, कोणाला शब्द सापडतात.

आणि वर्ग संपल्यावर खोली बंद करू नका. दर शनिवारी दोन तास ती उघडी ठेवा आणि किल्ली आपल्याकडे न ठेवता शिकलेल्यांपैकी दोघांकडे, दर महिन्याला बदलून, द्या. दाराशी एक वही ठेवा, तिच्यात तीनच रकाने असू द्या : कोण आले, काय अडले, कोणी सोडवले. दर महिन्याला तो तिसरा रकाना वाचत जा. सुरुवातीला त्यात तुमचेच नाव पुन्हा पुन्हा येईल. ते क्वचित दिसू लागले की शनिवारी जाणे कमी करा, आणि सलग दोन महिने दिसलेच नाही, तर पुढच्या १८ जणांची नावे नोंदवायला घ्या. त्या वर्गाचे मदतनीस कोण असावेत, हे ती वहीच सांगेल.